गाव, गंज आणि बांधी
(वार्षिक संमेलनातील भाषण)



ज्या नगरीत आपण आज एकत्र जमलो आहोत तिला नावे दोन. रेल्वेच्या फलकावर वडसा, नगरपरिषदेच्या दप्तरी देसाईगंज. एक नाव गावाचे, दुसरे बाजारपेठेचे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला, तेव्हा त्याच्या वाट्याला रेल्वे आली ती येथेच. गाडी गाठण्यासाठी कुरखेडा-आरमोरीकडील माणसे येथे येत राहिली, पेठ वाढली आणि नगरीची शीव धानाच्या बांध्यांत शिरली.

या शिवेवर आपल्यांपैकी अनेकांची शेती आहे. आज तिला भाव आला आहे व घरोघरी विक्रीची बोलणी चालली आहेत. म्हणून दोन शब्द बोलणे आम्हांस अगत्याचे वाटते.

बांधी ही एकटी नसते. मालगुजारी तलावाचे पाणी पाटाने एका बांधीतून दुसरीत उतरते. मधली बांधी मुरूम टाकून भरली की खालच्या शेतकऱ्याचे धान वाळते, आणि भर पावसाळ्यात तेच अडलेले पाणी नव्या वस्तीच्या घरांत शिरते. वैनगंगेच्या काठी राहणाऱ्यांनी तर २०२० च्या ऑगस्टअखेरचा महापूर विसरू नये.

आम्ही नगराचे वैरी नव्हे. शाळा, दवाखाना, व्यापार हवाच. परंतु नगर जगते कशावर, हेही पाहावे. झाडीपट्टी रंगभूमीच्या नाटक मंडळ्यांची कार्यालये वडसा येथे आहेत. नाटके मात्र धान घरी आल्यावर, दिवाळीपासून होळीपर्यंत, मंडई व शंकरपटाच्या निमित्ताने खेड्यांत रंगतात. धान पिकले तर मंडई भरते, आणि मंडई भरली तर वडशाची पेठ चालते.

यास्तव आमची विनंती एवढीच : विक्री करणे भागच पडले तर पाट व नाला मोकळा ठेवण्याची अट कागदावर घाला. २००५ च्या कायद्याने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे. तिला विचारल्यावाचून सौदा करू नका. आलेला पैसा लग्नाच्या थाटात न उधळता शिक्षणास लावा. आणि निदान घरच्या भातापुरती तरी बांधी राखा.

पैसा एकदा येतो. बांधी दरसाल देते.