स्पंद लेसरचा सूर आणि त्याचे स्थैर्य

(बुऱ्हाणपूर येथे शिक्षक, ग्रामस्थ व शासकीय अधिकारी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



बुऱ्हाणपूरच्या श्रोत्यांना अचूक मापनाची महती सांगण्याची आवश्यकता नाही. सातपुड्याच्या पायथ्याचे भूजल केवळ उताराच्या बळावर शहरात आणणारा कुंडी भंडारा सतराव्या शतकापासून आपल्याजवळ आहे. उतार चुकला असता, तर पाणी पोहोचलेच नसते. आजच्या विषयातही अल्पशी चूक सारे कार्य निष्फळ करते. मात्र तेथे पाण्याऐवजी प्रकाश आहे.

ज्योतीत मिठाची चिमूट टाकली की ज्योत पिवळी होते, हे विद्यार्थ्यांनी पाहिले असेल. हा सोडियमचा प्रकाश. त्याची तरंगलांबी सुमारे ५८९ नॅनोमीटर असून वारंवारता सेकंदाला सुमारे ५०९ लाख कोटी कंपने इतकी आहे. प्रत्येक मूलद्रव्याचे अणू अशा आपापल्या ठराविक वारंवारतांचाच प्रकाश देतात व शोषतात. त्यावरून पदार्थ ओळखण्याचे शास्त्र म्हणजे वर्णपटविज्ञान होय.

सन १९६० मध्ये मेमन यांनी पहिला लेसर प्रज्वलित केला. तो स्पंद लेसरच होता. परंतु त्याचा रंग माणकाने ठरविलेला होता. सन १९६६ मध्ये रंजकद्रव्याच्या द्रावणापासून लेसर मिळविता आला आणि रंग हवा तसा बदलण्याची सोय झाली. सन १९७२ मध्ये थिओडोर हेन्श यांनी दुर्बिणीसारख्या भिंगांनी किरण रुंद करून तो रेषाजालकावर पाडला व स्पंद लेसरचा वर्णपट अतिशय अरुंद केला. जालक किंचित फिरविले की रंग बदलतो. तंबोऱ्याची खुंटी पिळून सूर लावावा, तसाच हा प्रकार आहे.

हे कार्य आपल्यापासून दूर नाही. येथून सुमारे १८० किलोमीटरवर इंदूर येथे सन १९८४ मध्ये प्रगत तंत्रज्ञान केंद्राची कोनशिला बसविण्यात आली. सन २००५ पासून ते राजा रामण्णा यांच्या नावाने ओळखले जाते. तांब्याच्या वाफेचा लेसर व त्याच्या प्रकाशावर चालणारा रंजक लेसर यांवर तेथे दीर्घकाळ संशोधन झाले आहे.

सूर लावणे एक आणि तो टिकविणे दुसरे. समजा, लेसरचे दोन आरसे २० सेंटिमीटर लांबीच्या अल्युमिनियमच्या पट्टीवर बसविले आहेत. तापमान एका अंशाने वाढले की पट्टी सुमारे साडेचार मायक्रोमीटरने लांबते. तेवढ्याने प्रकाशाची वारंवारता सुमारे १२,००० मेगाहर्ट्झने सरकू शकते. साध्या तापमानाच्या सोडियम वाफेची शोषणरेषा मात्र जेमतेम १,३०० मेगाहर्ट्झ रुंद असते. म्हणजे एका अंशाच्या उष्णतेने लेसर लक्ष्यापासून पार दूर जातो. याखेरीज प्रत्येक स्पंदाने द्रावण तापते, त्याचा अपवर्तनांक बदलतो आणि प्रवाहातील लहानसा बुडबुडाही सूर बिघडवितो.

स्पंद लेसरची आणखी एक अडचण आहे. सेकंदाला ५,००० स्पंद आणि प्रत्येक स्पंद ३० नॅनोसेकंदांचा धरला, तर एका सेकंदात प्रकाश त्याच्या सुमारे सात हजाराव्या भागापुरताच असतो. तपासणी तेवढ्याच क्षणांत करावी लागते. शिवाय निसर्गाची एक मर्यादा आहे: स्पंद जितका आखूड, तितकी त्याची वारंवारता पसरट. ३० नॅनोसेकंदांच्या स्पंदाची रुंदी कितीही कौशल्य वापरले तरी सुमारे १५ मेगाहर्ट्झच्या खाली जात नाही.

यावर उपाय आहेत. आरसे इन्व्हार या अत्यल्प प्रसरण पावणाऱ्या मिश्रधातूवर बसवितात. द्रावणाचा प्रवाह व तापमान स्थिर राखतात. प्रकाशाचा थोडा भाग आयोडीनच्या वाफेतून नेऊन त्याच्या ज्ञात शोषणरेषांशी ताडतात आणि चूक दिसताच विद्युत्‌नियंत्रणाने आरसा केसभराहूनही कमी अंतराने हलवितात. आयोडीनचा रेणू इंदूरला असो वा पॅरिसला, त्याची रेषा तीच. म्हणून तो विश्वासू साक्षीदार ठरतो. कधी अखंड प्रकाशाच्या स्थिर लेसरचा क्षीण किरण स्पंद लेसरमध्ये सोडतात. मग बलवान स्पंद त्या क्षीण किरणाच्याच सुरात उमटतो.

याचा आपल्या जीवनाशी काय संबंध, असे कोणी विचारील. आपला जिल्हा केळीचा. पिकू लागलेले केळे इथिलीन वायू सोडते आणि तो शेजारच्या केळ्यांनाही पिकवितो. हा वायू १०.५३ मायक्रोमीटर तरंगलांबीचा प्रकाश जोराने शोषतो. कार्बन डायऑक्साइड लेसर त्या रेषेवर लावून व शेजारच्या रेषेशी तुलना करून इथिलीनचा अत्यल्प अंशही प्रयोगशाळेत मोजता येतो. हा लेसर बहुधा अखंड प्रकाशाचा असतो. परंतु नियम तोच. लेसर नकळत दुसऱ्या रेषेवर गेला, तर उपकरण "वायू जवळजवळ नाही" असे सांगेल आणि वखारीतील माल मात्र पिकत राहील.

येथेच या विषयाचे मर्म आहे. बंद पडलेले उपकरण निदान फसवीत नाही. सूर सुटलेले उपकरण आत्मविश्वासाने खोटे सांगते. पाण्यातील विषारी धातू असो वा हवेतील वायू, "नाही" हे उत्तर स्वीकारण्यापूर्वी मोजणारा लेसर त्या वेळी नेमक्या रेषेवर होता काय, हे विचारले पाहिजे. अधिकाऱ्यांनी अहवाल वाचताना हा प्रश्न विचारावा. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना वाचनांबरोबर उपकरणाची पडताळणीही वहीत नोंदविण्याची सवय लावावी. मापनावरील विश्वास यंत्राच्या किमतीने येत नाही. तो पडताळणीने येतो.