शेवटचा रोगी



आज इथे पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक जाहीर झाले. या तिघांतला फरक कमी-जास्तीचा. काही फरक मात्र जातीनेच निराळे असतात. त्यातला एक इथे बसलेल्या आजी-आजोबांच्या हातावर आहे: देवीच्या लशीचा वण. मुलांनो, तुमच्या दंडावरचा वण क्षयाच्या लशीचा, देवीचा नव्हे.

देवीचा रोग दर दहा रोग्यांमागे साधारण तिघांचा जीव घेई. वाचलेल्यांपैकी काहींचे डोळे जात. १९६२ साली भारतात निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, तेव्हा धोरण सरळ होतं: जास्तीत जास्त लोकांना टोचायचं. कोट्यवधी लोकांना लस मिळाली, तरी साथ हटेना. जे सुटत, त्यांच्यात विषाणूला आसरा मिळे. १९७४ साली बिहारमध्ये तर साथीनं कहर केला.

तोवर मोहिमेनं प्रश्नच बदलला होता. किती जणांना टोचलं यापेक्षा आज रोगी कुठे आहे, हे महत्त्वाचं ठरलं. आरोग्य कर्मचारी देवी आलेल्या बाळाचं छायाचित्र घेऊन घरोघर, बाजारोबाजार हिंडले. शाळांत जाऊन त्यांनी मुलांनाच विचारलं, कारण गल्लीत कोण आजारी आहे हे मुलांना पक्कं ठाऊक असतं! रोगी सापडला की त्याच्या आसपासच्या सगळ्यांना लगेच टोचायचं. हे साधलं, कारण देवी फक्त माणसालाच होते, पुरळामुळे लपत नाही आणि लागण झाल्यावर तीन-चार दिवसांत दिलेली लसही बहुधा वाचवते.

मे १९७५ मध्ये भारतातला शेवटचा रोगी सापडला. १९७७ मध्ये सोमालियात नैसर्गिक लागणीचा जगातला शेवटचा. ८ मे १९८० रोजी जग देवीमुक्त झाल्याची घोषणा झाली.

हजारांवरून दहांवर येणं हे मोठं यश, पण तेवढ्यानं सुई खाली ठेवता आली नसती. कुठेतरी एक जरी रोगी उरला असता, तरी बाळांना टोचत राहावं लागलं असतं. तो एक संपला आणि देवी काढणंच बंद झालं.

पोलिओचं अजून तसं झालेलं नाही. पोलिओच्या मूळ, वन्य विषाणूचा भारतातला शेवटचा रोगी जानेवारी २०११ मधला; २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्रही मिळालं. पण पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात तो विषाणू टिकून आहे, म्हणून आपल्याकडे डोस द्यावेच लागतात. तुमच्या शेजारी पाच वर्षांखालचं मूल असेल, तर पुढच्या पोलिओ रविवारी त्याला बूथवर घेऊन जा.