पाणंद आणि पाणी



विट्याहून खानापूर, आटपाडी किंवा तासगांव, कोणत्याही दिशेनें निघालें तरी मोठा रस्ता आतां डांबरी लागतो. अडचण सुरू होते ती त्या रस्त्यावरून शेताकडे वळतांना. दोन बांधांमधून जाणारी ती अरुंद वाट, जिला आपण पाणंद म्हणतों, उन्हाळ्यांत धुळीनें व पावसांत चिखलानें भरलेली असते. आपणांपैकीं अनेकांचीं बिऱ्हाडें शहरांत असलीं तरी वडिलार्जित जमीन अशाच एखाद्या पाणंदीच्या टोकाला असते. या भागांतील कितीतरी कुटुंबें तर सोनें-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या धंद्यानिमित्त देशभर पांगलेलीं आहेत. जत्रेला गांवीं यावें, मोटार चिखलांत रुतावी, कीं उद्गार ठरलेला: "इथें एकदां डांबर टाकलें पाहिजे!" मला आज सांगावयाचें आहे तें हें कीं, डांबराचा विचार सर्वांत शेवटीं करावयाचा असतो, आणि पाण्याची वाट आधीं लावली तर बहुधा तो करावाच लागत नाहीं.

खानापूर तालुका पर्जन्यछायेंतला. मग चिखल येतो कोठून? पाऊस थोडा असला तरी तो पडतो तेव्हां, विशेषतः परतीच्या दिवसांत, एकदम कोसळतो. आणि पाणंद बहुधा शेतांहून खोल असते. पिढ्यान्‌पिढ्या गाड्यांच्या चाकांनीं माती भुगा केली, पाण्यानें ती वाहून नेली, आणि दोहों बाजूंच्या धन्यांनीं नांगराच्या तासागणिक वाट अरुंद केली. परिणामीं वाट आणि ओढा एकच होऊन बसलीं. टेंभू योजनेचें पाणी आल्यापासून ऊस वाढला, उसाच्या अवजड गाड्या आल्या; अशा वाटेला त्या सोसवत नाहींत. दुधाचे कॅन डोक्यावर घेऊन सडकेपर्यंत चालावें लागतें, आणि घरांत बाळंतपण असेल तर पावसाचा दिवस भयाचा होतो.

जॉन मॅकॅडम हा स्कॉटिश गृहस्थ १८१६ सालीं ब्रिस्टलच्या रस्त्यांचा देखरेखदार झाला. त्याच्या नांवाशीं जग खडी जोडतें. परंतु त्याचा खरा सिद्धांत पाण्याविषयीं होता. भार वाहते ती खालची मूळ जमीन, आणि ती कोरडी आहे तोंवर कोणतेंही ओझें सोसते. वरचा दगडी थर हें तिचें छप्पर, असें त्याचें म्हणणें. आपल्या काळ्या मातीला हें दुपटीनें लागू आहे. ती पाणी प्याली कीं फुगते, सुकली कीं भेगाळते. ओल्या काळ्या मातीवर टाकलेला मुरूम चार गाड्या गेल्या कीं खालीं गडप होतो. दरसाल त्याच खड्ड्यांत ट्रॉलीभर मुरूम ओतला जातो आणि पुढच्या साली खड्डा आपल्या जागीं हजर असतो, याचें कारण एवढेंच.

तेव्हां काम उलट्या क्रमानें करावें. भर पावसांत छत्री घेऊन पाणंदीनें चालावें आणि पाणी कोठून येतें, कोठें थांबतें, तेथें खुंट्या ठोकाव्या. पाऊस सरल्यावर दोहों बाजूंना चर खोदावे. त्यांचा तळ वाटेच्या मूळ मातीहून खालीं हवा. माळाच्या जागीं चरांतूनच मुरूम निघतो, तो वाटेवर चढवावा. काळी माती निघाली तर ती शेतांत पसरावी, वाटेवर कदापि नाहीं. वाट अशी उचलून घेतली कीं तिला पाठ द्यावयाची: तीन मीटर रुंदीच्या वाटेचा मध्य कडांहून सहा सेंटिमीटर उंच असावा. मग मुरमाचा थर. एक किलोमीटर लांबीवर, दबून पंधरा सेंटिमीटर राहील असा थर बसवावयाचा, तर साडेचारशें घनमीटर, म्हणजे सुमारें १६० ब्रास मुरूम लागतो. सैल मापानें दोनशें धरावा. त्यावर पाणी इतकेंच मारावें कीं मुठींत दाबल्यास गोळा व्हावा, पण हात ओला होऊं नये. रूळ कडेकडून मध्याकडे फिरवावा. पाणी वाट ओलांडतें तेथें सिमेंटच्या नळ्यांची मोरी किंवा दगडी फरशी घालावी. खरा पैसा काय तो येथें लागतो.

उरलें काम बहुतेक हातांचें आहे. याच जिल्ह्यांतील विसापूरच्या वि. स. पागे यांच्या कल्पनेंतून रोजगार हमी उभी राहिली, आणि १९७२ च्या दुष्काळांत लक्षावधि हातांनीं खडी फोडली. २००५ च्या केंद्रीय कायद्यानें मजुरीला निदान ६० व सामानाला फार तर ४० टक्के असा दंडक घातला. डांबर-सिमेंटाच्या कामांना तो जाचक वाटला. चरांच्या खोदाईला तो सोयीचाच होता. २०२१ सालीं राज्यानें मातोश्री ग्रामसमृद्धि शेत-पाणंद रस्ते योजना काढली तीही रोजगार हमीचाच आधार घेऊन.

पण सर्वांत अवघड काम फावड्यानें होत नाहीं. चरांतलें पाणी शेवटीं कोणाच्या तरी हद्दींत उतरावयाचें असतें, आणि "माझ्या रानांत सोडूं नका" हें उत्तर तयार असतें. १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याप्रमाणें वहिवाटीची वाट किंवा पाण्याचा नैसर्गिक प्रवाह कोणीं अडविल्यास अडथळा दूर करविण्याचा अधिकार तहसीलदारांस आहे. मात्र कचेरीची पायरी चढण्यापूर्वीं पारावर बसून बोलणें बरें. हा दुष्काळी मुलूख. जूनमध्यें पाणी नको म्हणणारा फेब्रुवारींत तेंच शोधीत असतो. चराचें तोंड दगडांनीं बांधून पाणी नाल्यांत अगर त्याच्याच शेततळ्यांत नेऊन दिलें, तर बांध फुटत नाहीं आणि तंटाही बहुधा निवतो.

विटा शहरानें २०२१ च्या स्वच्छ सर्वेक्षणांत एक लाखाहून कमी वस्तीच्या शहरांत पहिला क्रमांक मिळविला. गटार तुंबूं न देण्याची ती शिस्त वेशीबाहेरही हवी. मृगाच्या आधीं दोन माणसांनीं चरांतला गाळ काढावा. पहिल्या पावसानंतर चाकोऱ्या उमटतील, त्या ओल असतांनाच बुजवाव्या. त्यासाठीं दोन ब्रास मुरूम कडेला राखून ठेवावा, आणि तो कोणाच्या अंगणांत जाऊन पडणार नाहीं एवढें पाहावें.