दाद कोणत्या दारी मागावी?



मी वकील नाही. कापडाचा व्यापारी आहे. परंतु एका संस्थेतील विश्वस्त-निवडीचा वाद मी जवळून पाहिला. एक पक्ष थेट दिवाणी न्यायालयात गेला. चार वर्षांनी निर्णय आला, की हा विषय या न्यायालयाच्या अधिकारकक्षेत येत नाही. कोण खरे, कोण खोटे हे ठरलेच नाही; मंदिराचा जीर्णोद्धार मात्र रखडला.

न्यायालयाचा अधिकार कायद्यातून येतो. उभय पक्षांनी संमती दिली म्हणून तो निर्माण होत नाही. दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 च्या कलम 9 प्रमाणे दिवाणी न्यायालय सर्व दिवाणी दावे चालवू शकते; अपवाद कायद्याने वर्ज्य केलेल्यांचा. आपल्या 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचे कलम 80 असाच अपवाद करते. न्यास सार्वजनिक आहे काय, अमुक मालमत्ता न्यासाची आहे काय, हे प्रश्न धर्मादाय आयुक्तांच्या यंत्रणेपुढेच जातात. विश्वस्त बदलल्यास कलम 22 अन्वये 90 दिवसांत तेथेच बदल अहवाल द्यावा लागतो. स्थावर मालमत्ता विकण्यास कलम 36 अन्वये पूर्वमंजुरी लागते. उलट, न्यासाच्या दुकानाचा भाडेकरू भाडे थकवीत असेल, तर त्यासाठी न्यायालयाचीच पायरी चढावी लागते.

आयुक्तांच्या अधिकारालाही मर्यादा आहेत, आणि त्या स्पष्ट होण्यास एक जैन बांधवच कारणीभूत ठरले. वेजलपूरच्या देरासराचे व्यवस्थापक रतिलाल पानाचंद गांधी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1954 साली सांगितले, की शासन धार्मिक न्यासाच्या मालमत्तेच्या कारभाराचे नियमन करू शकते. परंतु कारभाराचा हक्कच संप्रदायाकडून काढून दुसऱ्याच्या हाती देऊ शकत नाही. म्हणून धार्मिक न्यासावर धर्मादाय आयुक्तांनाच विश्वस्त नेमण्याची तरतूद तेवढ्यापुरती रद्द ठरली.

चुकीच्या दारी सद्भावनेने व दक्षतेने घालविलेला काळ मुदत अधिनियम, 1963 च्या कलम 14 अन्वये दाव्याच्या मुदतीतून वगळता येतो. पण संघात आलेला दुरावा कोणत्या कलमाने वगळावा?

वाद संघातच मिटला तर उत्तम. मात्र तो मिटल्यानंतरही झालेल्या बदलाची नोंद योग्य कार्यालयात वेळेवर व्हावी, एवढीच नम्र विनंती.

जय जिनेंद्र.