टेकडी त्रिकोणी नसते

आज बी.एड.ची पदवी घेणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

कोथरूडच्या एखाद्या शाळेत सहावीच्या वर्गाला 'निसर्गचित्र काढा' म्हणून पाहा. बहुतेक वह्यांत एकच चित्र उतरेल: दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नदी, झोपडी, नारळ आणि आकाशात मिशीच्या आकाराचे पक्षी. खिडकीबाहेर वेताळ टेकडी असते आणि तिचा माथा सपाट असतो. आपल्या देशावरचे पुष्कळ डोंगर असेच, कारण ते लाव्ह्याचे थर एकावर एक साचून झालेत. कठीण थर टिकतो, मऊ झिजतो, उतारावर पायऱ्या दिसू लागतात. भूगोलाच्या पेपरात हेच मूल 'बेसाल्ट' लिहून पूर्ण गुण घेतं. चित्रात मात्र त्रिकोण! त्याने डोंगराचं चित्र पाहिलंय, डोंगर नाही.

म्हणून तुमच्याकडे एकच मागणं आहे. मुलांना जवळच्या टेकडीवर न्या आणि एका झाडासमोर कागद-पेन्सिल देऊन अर्धा तास बसवा. (मुख्याध्यापकांची परवानगी मिळवणं चढणीपेक्षा अवघड जाईल, ती तयारी ठेवा. खाजकुइली तेवढी आधी ओळखून ठेवा.) झाडाचं नाव लगेच सांगू नका. 'ही मोई' म्हटलं की मूल 'मोई' लिहितं आणि पाहणं संपतं. गप्प राहिलात तर तेच विचारेल, एकही पान नसताना हिला फुलं कशी? सालई, गणेर यांचंही तेच. पलीकडे गिरिपुष्पाची झाडं एकाच चणीची का, हाही प्रश्न येईल. ती माणसांनी लावलेली आहेत.

फोटो काढला तरी चालेल की, असं कुणीतरी म्हणेलच. माझ्या मते नाही चालणार. पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, हे फोन विचारत नाही. पेन्सिल मात्र ते ठरवल्याशिवाय पुढे सरकत नाही. चित्र सुबक होण्याची गरज नाही. गुण तर देऊच नका. चुकलेली रेघ खोडायला न लावता शेजारी दुसरी काढू द्या.

कागदावर जागा, तारीख आणि मुलाचं नाव मात्र हवंच. पुण्याजवळ दापोडीच्या वनस्पती उद्यानात तिथले प्रमुख अलेक्झांडर गिब्सन यांच्यासाठी १८४७ ते १८५० या काळात एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराने दीडशेहून अधिक वनस्पतिचित्रं काढली. ती आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपलेली आहेत. गिब्सन यांचं नाव नोंदीत आहे, ज्याने एकेक शीर पाहिली त्या चित्रकाराचं कुणालाच नाही.

न पाहता नाव देऊन मोकळं होण्याची खोड मोठ्यांनाही आहे. झुडपांच्या माळाला विदर्भात महसुली कागदांत 'झुडपी जंगल' म्हणतात, इतरत्र 'पडीक'. 'तिथं काय आहे, नुसती झुडपं' असं म्हणत आपण माळावर रस्ते काढतो, किंवा पुण्य म्हणून खड्डे खणून भलतीच रोपं लावतो. हेकळीची एक फांदी काट्यांसकट रेखाटलेल्या मुलाला ते 'नुसती' खटकेल. मोठेपणी ते नगरसेवक झालं तर आणखी बरं.

जूनच्या मध्यात शाळा उघडतील. पहिल्या पावसानंतर काळी मुसळी जमिनीलगत चांदणीसारखी पिवळी फुलते, गुडघे टेकल्याशिवाय नीट दिसत नाही. पाकळ्या सहा असतात. हे मी तुम्हाला सांगितलं, तुम्ही मुलांना सांगू नका. त्यांना मोजू द्या.