सिमेंट, धूळ आणि मजूर

बारामती-इंदापूरकडच्या काळ्या रानात नांगर फिरला की ढेकळांबरोबर पांढरट खडे वर येतात. शेतकरी त्यांना चुनखडी म्हणतो आणि जमिनीचा दोष मानतो. जुन्या गवंड्याला मात्र हाच दोष उपयोगी पडे. असे खडे वेचून भट्टीत भाजावयाचे, पाणी घालून विरवावयाचे, वाळूबरोबर बैलाच्या घाणीत मळावयाचे आणि त्या चुन्यात वाडे, घाट व पूल उभारावयाचे, ही दख्खनची पूर्वापार रीत होती. आज त्याच इंदापूर तालुक्यात, लोणी देवकर येथे, पुणे-सोलापूर महामार्गालगत औद्योगिक वसाहत आहे. तेथील कारखान्यांचे पाये, रस्त्याकडेची दुकाने आणि गावातील नवी घरे सिमेंटची आहेत. चुन्याची घाणी थांबली; तिची जागा पन्नास किलोंच्या पोत्याने घेतली.

भट्टी गावाशेजारी असे तेव्हा तिचा धूर आणि तेथे राबणारी माणसे गावाच्या डोळ्यांसमोर असत. सिमेंटची भट्टी दूर गेली आणि तिच्याबरोबर ही दोन्ही दृष्टीआड झाली. ज्याच्या बळावर घर उभे राहते, त्याची जन्मकथा घरधन्याला ठाऊक नसते. म्हणून ती थोडक्यात सांगणे अवश्य आहे.

पुणे जिल्ह्याची भूमी काळ्या पाषाणाची. सिमेंटला लागणारा चुनखडकाचा जाड थर येथे नाही. महाराष्ट्रात तो चंद्रपूर व यवतमाळ या जिल्ह्यांत आहे. गडचांदूर, आवारपूर येथील कारखाने त्याच्याच आधाराने उभे राहिले. दुसरा मोठा साठा भीमेच्या खालच्या अंगाला, कलबुर्गी जिल्ह्यात आहे. भूगर्भशास्त्रज्ञांनी तेथील खडकांच्या समूहाला भीमा नदीचेच नाव दिले आहे. ज्या शहाबादी फरशीवर महाराष्ट्रातील अनेक घरांतील मुले रांगली, ती फरशी म्हणजे हाच चुनखडक. पुण्याहून निघालेली आगगाडी भिगवण आणि सोलापूर मागे टाकून शहाबादला पोहोचते आणि पुढे वाडी जंक्शन लागते. शहाबाद, वाडी, मळखेड आणि सेडम हा सारा टापू सिमेंटचा. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट ती हीच, आजचे मळखेड.

खाणीत सुरुंगाने फोडलेला खडक यंत्रात भरडतात. त्यात चिकणमातीसारखे द्रव्य मिसळून त्याचे पीठ करितात आणि ते फिरत्या, किंचित कललेल्या पोलादी भट्टीत सुमारे १४५० अंश सेंटिग्रेड उष्णतेला भाजतात. त्यातून काळपट गोट्या निघतात. त्यांना क्लिंकर म्हणतात. क्लिंकरमध्ये थोडा जिप्सम घालून बारीक दळले की सिमेंट झाले. भरडणे, दळणे, भाजणे, पुन्हा दळणे आणि पोत्यांत भरणे या पाचही ठिकाणी धूळ उडते. एके काळी सिमेंटच्या गावातील झाडे, छपरे आणि वाळत घातलेली धुणी एकाच राखी रंगाची होत असत, ती या धुळीने.

ही स्थिती पुष्कळ बदलली आहे, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. विजेच्या भाराने धूळ पत्र्यांकडे ओढून घेणारी यंत्रे धुरांड्यांच्या वाटेवर बसली. भट्टीत कार्बन मोनॉक्साइड वायू वाढला की स्फोटाच्या भयाने ही यंत्रे आपोआप बंद पडत आणि तेवढा वेळ धूळ मोकळी सुटे. म्हणून पुढे अनेक ठिकाणी कापडी पिशव्यांच्या गाळण्या आल्या. पूर्वी कच्चे पीठ पाण्यात कालवून भट्टीत सोडीत आणि ते पाणी आटविण्यातच कोळसा खर्ची पडे. कोरडी पद्धत आल्यावर एक किलो क्लिंकरला लागणारी उष्णता जवळजवळ निम्म्यावर आली. भट्टीच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर कित्येक कारखाने आता वीज करितात. वीजकेंद्रांतील कोळशाची राख, जिचे पूर्वी नुसते ढीग पडत, ती सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्क्यांपर्यंत मिसळण्यास भारतीय मानकाने मुभा दिली. चंद्रपूरच्या औष्णिक वीजकेंद्राची राख अशीच तेथल्या सिमेंटला उपयोगी पडते.

या साऱ्या सुधारणांत एक समान सूत्र आहे, आणि श्रोत्यांनी ध्यानात ठेवावयाचे ते हेच. गाळणीत सापडलेली धूळ म्हणजे कारखान्याचा मालच; ती परत भट्टीत अथवा पोत्यात जाते. वाचलेला कोळसा म्हणजे वाचलेला पैसा. राख मिसळली म्हणजे महाग क्लिंकर कमी लागतो. अर्थात जेथे मालकाचा लाभ आणि लोकांचे आरोग्य यांची वाट एक झाली, तेथे सुधारणा झपाट्याने झाली. जेथे ही वाट फुटते, तेथे सुधारणा रेंगाळते. तेथे कायद्याचा धाक लागतो आणि लोकांची नजर लागते.

पोती उचलणाऱ्या मजुराचे उदाहरण घ्यावे. १९५८ साली केंद्र सरकारने सिमेंट उद्योगासाठी वेतनमंडळ नेमले. कंत्राटी मजुरी बंद करावी अशी शिफारस त्या मंडळाने केली. परंतु माल चढविणे आणि उतरविणे ही कामे त्यातून वगळली. म्हणजे जेथे धूळ नाकातोंडाशी आणि पन्नास किलोंचा भार पाठीवर, तेथलाच माणूस उंबऱ्याबाहेर राहिला. महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा केला आणि रेल्वेच्या मालधक्क्यांवरील हमालांनाही त्याचे छत्र देऊ केले, हे या राज्याला भूषणावह आहे. परंतु दुकानातून माल घेऊन आलेल्या गाडीवरील दोन मजूर आणि बांधकामावरील बिगारी या छत्राखाली नेहमी येतातच असे नाही.

गवंड्याची गोष्ट याहून वेगळी नाही. ओले सिमेंट तीव्र क्षारधर्मी असते. ते कातडी भाजते. त्यातील क्रोमियमच्या सूक्ष्म अंशाने हातांना चिवट खाज व चट्टे येतात. युरोपीय राष्ट्रांनी २००५ पासून सिमेंटमधील या अपायकारक क्रोमियमवर मर्यादा घातली. त्यासाठी सिमेंटमध्ये अल्पसे लोहयुक्त लवण मिसळावे लागते. त्यापासून कारखानदाराला कपर्दिकेचाही लाभ नाही. लाभ झाला तो गवंड्याच्या हातांना, आणि तो कायद्याने झाला.

खाणीतही हेच दिसते. चुनखडकाची धूळ फारशी घातक नसली, तरी मधल्या पट्ट्यांत गारगोटीचा, म्हणजे सिलिकेचा, अंश असल्यास तिच्या बारीक कणांनी फुप्फुसे कायमची निकामी होतात. म्हणून १९६१ च्या विनियमांनी खाणीतील धूळ जागच्या जागी दाबण्याचे बंधन घातले आणि खाण नियमांनी कामगाराची दर पाच वर्षांनी वैद्यकीय तपासणी आवश्यक केली. २००३ सालापासून खाण चालू असतानाच ती पुढे कशी मिटवावयाची याचा आराखडा द्यावा लागू लागला. नागपूरच्या भारतीय खाण ब्यूरोकडे या कामाची देखरेख आली. २०१४ साली नव्या भट्ट्यांच्या धुराड्यातील धुळीची मर्यादा घनमीटरला ३० मिलिग्रॅमवर आणली गेली. त्याच वर्षी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने धुराड्यावर अखंड मोजणी करणारी उपकरणे बसविण्याचा आदेश दिला. धुराड्याला असा पहारेकरी मिळाला. पोती भरण्याच्या जागी उभ्या असलेल्या माणसाच्या छातीत किती धूळ गेली, हे मात्र त्या उपकरणाला दिसत नाही.

आणखी एक गोष्ट कोणत्याच गाळणीत सापडत नाही. शंभर किलो शुद्ध चुनखडक भाजला की छप्पन्न किलो चुना उरतो आणि चव्वेचाळीस किलो कार्बन डाय-ऑक्साइड वायू हवेत जातो. हा कोळशाचा धूर नव्हे. हा खडकाचाच निःश्वास आहे. पृथ्वीची उष्णता वाढविणारा हा वायू कमी करण्याचा हाताशी असलेला उपाय म्हणजे क्लिंकरच कमी वापरणे. २०२३ साली भारतीय मानक ब्यूरोने भाजलेली चिकणमाती आणि न भाजलेला चुनखडक मिसळून केलेल्या सिमेंटचे मानक प्रसिद्ध केले, ते याच दिशेचे पाऊल होय.

मग लोणी देवकरला अथवा पुण्याला घर बांधणाऱ्या कुटुंबाने काय करावे? भिंतीला व गिलाव्याला राखमिश्रित सिमेंट चालते का, हे स्थापत्यविशारदास विचारावे. कंत्राटदाराशी दराची बोलणी करिताना रबरी हातमोजे, नाकावरचा फडका नव्हे तर खरा मुखपट, आणि हातपाय धुण्यास स्वच्छ पाणी ही कलमे करारात लिहून घ्यावी. पोती फोडताना व सांडलेले सिमेंट झाडताना घरातील मुले जशी दूर ठेवितात, तशीच मजुराची मुलेही दूर राहतील, असे पाहावे. यास लागणारा खर्च घराच्या किमतीच्या मानाने नगण्य आहे.

कारखान्याच्या धुराड्यावर सरकारची नजर आहे आणि गाळणीतल्या धुळीवर मालकाची. पोते उचलणाऱ्याच्या श्वासावर नजर ठेवण्याचे काम, निदान आपल्या अंगणापुरते, घरधन्यालाच करावे लागेल.