लॉरा सीकॉर्डच्या वाटेवर



आगमनाच्या स्मृतीनिमित्त मला बोलायला सांगितले, तेव्हा मी म्हणाले, "मी प्राथमिक शाळेत मराठी शिकवते, इतिहासाचे मी काय सांगणार?" मंडळी म्हणाली, "कॅनडात जे पाहिलेत तेच सांगा." म्हणून आज मी तिथल्या एका पायवाटेबद्दल बोलणार आहे.

माझी मुलगी कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात राहते. नायगाराच्या धबधब्यापासून थोड्याच अंतरावर नदीकाठी क्वीन्सटन नावाचे गाव आहे. गावाच्या डोक्यावर डोंगराची उंच धार आहे. १३ ऑक्टोबर १८१२ रोजी अमेरिकन सैन्य नदी ओलांडून या धारेवर चढले आणि ब्रिटिशांशी मोठी लढाई झाली. आपल्या ग्रँड पोर्टच्या लढाईला तेव्हा दोनच वर्षे झाली होती. ब्रिटिशांचा सेनापती आयझॅक ब्रॉक सकाळीच गोळी लागून पडला. आज तिथे त्याचे ५६ मीटर उंच स्मारक आहे. आत २३५ पायऱ्या आहेत. त्या चढताना मला आपल्या आप्रवासी घाटाच्या सोळा पायऱ्या आठवल्या. त्या चढून गेलेल्यांपैकी एकाचाही पुतळा नव्हता.

पण ब्रॉक पडल्यावर टेकडी राखली कोणी? जॉन नॉर्टन आणि जॉन ब्रँट यांच्याबरोबरच्या मूळ रहिवासी योद्ध्यांनी. मदत येईपर्यंत त्यांनी अमेरिकनांना अडवून धरले. त्यांचे स्मारक तिथे झाले ते २०१६ साली, म्हणजे दोनशे चार वर्षांनी. कृष्णवर्णीय सैनिकांची एक तुकडीही या लढाईत होती. ती उभारावी असा अर्ज रिचर्ड पियरपॉइंट यांनी केला होता. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेला हा माणूस तेव्हा साठी ओलांडलेला होता. १८२१ साली त्यांनी सरकारला पुन्हा अर्ज केला की मला माझ्या देशात परत पाठवा. परतीचे जहाज मिळाले नाही. मिळाली ती जंगलातली जमीन, आणि शेवटपर्यंत ते तिथेच राहिले. हे समजले तेव्हा मी मुलीला म्हटले, "अगं, ही तर आपल्याच घरची गोष्ट."

इथून एक पायवाट निघते. तिला लॉरा सीकॉर्डची वाट म्हणतात. लांबी ३२ किलोमीटर. लॉराचा नवरा क्वीन्सटनच्या लढाईत जखमी झाला होता. पुढच्या वर्षी जून महिन्यात अमेरिकन सैन्य अचानक हल्ला करणार असल्याचे तिला कळले. नवऱ्याला चालवत नव्हते. तेव्हा २२ जून १८१३ रोजी पहाटे ती स्वतः निघाली. वय सदतीस, घरी मुलेबाळे. दलदल, ओढे आणि रान तुडवत रात्री ती योद्ध्यांच्या तळावर पोहोचली. त्यांनी तिला डीक्यू यांच्या घरी लेफ्टनंट फिट्झगिबनकडे नेले. दोन दिवसांनी बीव्हर डॅम्स येथे मूळ रहिवासी योद्ध्यांनी अमेरिकनांना घेरले आणि त्यांना शरण यावे लागले.

लॉरा एका दिवसात चालली, आम्हा मायलेकींना तीन दिवस लागले. मी चौपन्न वर्षांची, गुडघे दुखरे. बरोबर डाळपुरी आणि पाणी. वाट द्राक्षमळ्यांतून जाते, शहरातून जाते, मग पुन्हा झाडीत शिरते. दुसऱ्या दिवशी मी चिखलात बसले. मुलगी म्हणाली, "आई, टॅक्सी बोलावू का?" मी म्हटले, "लॉराला टॅक्सी मिळाली होती का?" वाटेच्या शेवटी डीक्यूंच्या घराचे फक्त दगडी जोते आणि थोड्या भिंती उरल्या आहेत.

तिथे बसून मुलीने मला वाचून दाखवले. विजयानंतर फिट्झगिबनने जो सरकारी अहवाल लिहिला, त्यात लॉराचे नाव नाही. तिने पुढे अनेक अर्ज केले. १८६० साली प्रिन्स ऑफ वेल्स कॅनडात आले, त्यांच्यापर्यंत तिची हकीकत पोहोचली आणि त्यांच्याकडून तिला शंभर पौंड मिळाले. तेव्हा ती पंच्याऐंशी वर्षांची होती. नंतर एका लेखकाने गोष्टीत तिच्याबरोबर एक गायही चालवली. ती गाय कधी नव्हतीच. खरे वेळेवर लिहिले नाही की मागाहून लोक हवे ते भरतात.

बंधू-भगिनींनो, माझ्या घरात भिंतीवर माझ्या खापरपणजोबांच्या कागदाची चौकट आहे. त्यावर त्यांचा क्रमांक आहे, जहाजाचे नाव आहे. त्यांच्याबरोबर कोकणातल्या गावाहून बंदरापर्यंत त्यांची बायकोही चालत आली होती, हे माझी आजी सांगायची. तिचे नाव काय? आम्ही नुसते "थोरली आजी" म्हणत राहिलो. तिचाही कागद असेल, तिलाही क्रमांक दिला असेल. शोधायला कोणी गेले नाही. मीही नाही.

परत आल्यावर मोठ्या मावशीला विचारायचे मी ठरवले होते. ते नाव तिला ठाऊक होते. पण मी पोहोचण्याआधीच मावशी गेली. तीस वर्षे मी वर्गात मुलांकडून वंशवृक्ष काढून घेते, आणि पाच मैलांवर राहणाऱ्या मावशीला विचारायला मला सवड झाली नाही. हे सांगताना मला लाज वाटते, तरी सांगते. आता मोका येथे महात्मा गांधी संस्थेतील दफ्तराच्या आधारे त्या जहाजातल्या बायकांची नावे मी एकेक करून पाहते आहे. सापडेल की नाही, सांगता येत नाही.

म्हणून माझी एकच विनंती. आज घरी गेल्यावर घरातल्या सर्वांत वृद्ध बाईजवळ बसा. तिच्या आईचे नाव, आजीचे नाव, गाव, जे आठवेल ते विचारा आणि वहीत लिहा. आठवत नसेल तिथे जागा कोरी ठेवा, मनाने भरू नका. मुलांनो, सोमवारी ती वही मला दाखवायला आणा.